ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ
(धम्म समजून घेताना भाषेचा विचार)

विहारात वंदना होते, त्यानंतर प्रवचन होते. ऐकणारे शंभर जण असतात. बोलणारा एकच असतो आणि त्याचे शब्दही सर्वांच्या कानी सारखेच पडतात. पण घरी जाताना प्रत्येकाने नेलेला अर्थ मात्र एक नसतो. 'जीवन दुःखमय आहे' हे वाक्य ऐकून एकाला धीर येतो, दुसरा निराश होतो आणि तिसऱ्याला वाटते की बौद्ध धम्म रडका आहे. वाक्य एक, अर्थ तीन. हे का होते? बोलणाऱ्याचा दोष, की ऐकणाऱ्याचा, की शब्दांचाच?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. भाषा माणसाच्या विचाराला कसे वळण देते, तथागतांनी भाषेकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, आणि एका माणसाचे मन दुसऱ्यापर्यंत शब्दांनी कितपत पोहोचू शकते, हे तीन मुद्दे क्रमाने पाहू. विषय तत्त्वज्ञानाचा असला तरी तो आपल्या रोजच्या व्यवहारापासून दूर नाही. संस्थेच्या बैठकीत, घरात आणि शाळेत होणारी निम्मी भांडणे शब्दांवरूनच होतात, हा सर्वांचा अनुभव आहे.

१. भाषा वळण लावते, बेडी घालीत नाही

अमेरिकेत बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) नावाचे एक भाषाभ्यासक होऊन गेले. ते व्यवसायाने आगीच्या विमा कंपनीत तपासनीस होते. आगी का लागतात याची तपासणी करताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पेट्रोलने भरलेल्या पिंपांजवळ कामगार फार जपून वागत. पण 'रिकामी' पिंपे जेथे ठेवली असत तेथे ते बेफिकीर असत, विडी-सिगारेटही ओढत. वस्तुतः रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ साचलेली असते आणि ती भरलेल्या पिंपापेक्षाही अधिक धोकादायक असते. 'रिकामे' या शब्दाने कामगारांच्या मनात 'आता यात काही नाही' असा विचार उत्पन्न केला आणि त्या विचाराने हात निष्काळजी झाला. शब्द, विचार आणि कृती यांचा संबंध इतका जवळचा आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात गूगू यिमिथिर नावाची एका आदिवासी समाजाची भाषा आहे. त्या भाषेत वस्तूची जागा सांगताना 'डावीकडे', 'उजवीकडे' असे म्हणण्याऐवजी पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा दिशाच सांगतात. साहजिकच त्या भाषेत वाढलेल्या माणसाला दिशांचे भान सतत ठेवावे लागते. भाषेने लावलेली ही सवय होय.

आपल्या मराठीतही अशी उदाहरणे आहेत. इंग्रजीत 'अंकल' म्हटले की काम भागते. मराठीला मात्र काका, मामा, मावसा आणि आत्याचे यजमान हे वेगवेगळे सांगावे लागतात. आईकडचे कोण, बापाकडचे कोण, याचा हिशेब आपली भाषा लहानपणापासून आपल्याकडून करवून घेते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. इंग्रजीला हा भेद एका शब्दात करता येत नाही. 'आम्ही तुमच्यासाठी विहार बांधला' आणि 'आपण विहार बांधला' या दोन वाक्यांतील अंतर प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात घ्यावे. पहिल्या वाक्यात एक दाता आहे आणि एक याचक. दुसऱ्या वाक्यात संघ आहे.

परंतु यावरून भाषा ही तुरुंग आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. मराठीत होऊन गेलेल्या दिवसालाही 'परवा' म्हणतात आणि येणाऱ्या दिवसालाही 'परवा'च म्हणतात. म्हणून मराठी माणसाला भूतकाळ आणि भविष्यकाळ यांतील फरक कळत नाही काय? कळतो. 'परवा आलो' आणि 'परवा येईन' यांत क्रियापद काम करते. आजच्या अभ्यासकांचे मतही साधारणपणे असेच आहे की, भाषा विचाराला पूर्णपणे बांधून टाकते हे खरे नाही, पण लक्ष कोठे द्यावे याची सवय ती लावते. सवय लावली जाते आणि सवय मोडताही येते. धम्माच्या अभ्यासाला हाच आधार आहे.

२. ज्याच्या त्याच्या भाषेत धम्म

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, गोड आवाजाचे दोन भाऊ भिक्खू झाले होते. ते भगवंतांकडे आले आणि त्यांनी तक्रार केली की, निरनिराळ्या नावांचे, गोत्रांचे, जातींचे आणि कुळांचे लोक संघात आले आहेत. ते आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवीत आहेत. तेव्हा आम्ही ते 'छंदस्'मध्ये बसवितो. छंदस् म्हणजे वेदांसारखी संस्कृत भाषा, असा अर्थ अट्ठकथाकार बुद्धघोष यांनी केला आहे. भगवंतांनी ही विनंती फेटाळली, तसे करणे हा दोष ठरविला, आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया' म्हणजे स्वकीय भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. 'स्वकीय' म्हणजे बुद्धांची स्वतःची मागधी, असे बुद्धघोष म्हणतात. अनेक आधुनिक विद्वानांच्या मते त्याचा अर्थ ज्याची त्याची बोली असा आहे. दोन्ही अर्थ घेतले तरी एक गोष्ट निश्चित राहते: धम्म मूठभरांच्या भाषेत बंद करावयाचा नाही.

या तक्रारीत भाषेचा प्रश्न जातीच्या प्रश्नाला कसा चिकटलेला आहे ते पाहावे. 'बोली अशुद्ध आहे' असे म्हणताना त्या दोघांनी 'बोलणारे नाना जातींचे आहेत' हेही बोलून दाखविले. अडीच हजार वर्षांनंतर हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना अस्पृश्य म्हणून संस्कृत शिकू दिले गेले नाही, त्यांना फार्सी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या बळावर केला आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पाली भाषेचा शब्दकोश रचण्याचे कामही केले. भाषा अडविणे म्हणजे ज्ञान अडविणे, हे ज्याने भोगले त्यानेच भाषेची दारे उघडण्याचा प्रयत्न केला.

सम्राट अशोकानेही हेच धोरण पाळले. त्याचे शिलालेख संस्कृतात नाहीत. ते लोकांच्या प्राकृतात आहेत आणि प्रांताप्रांताप्रमाणे त्यांची बोली थोडी बदलते. वायव्येकडे शाहबाजगढी व मानसेहरा येथे लिपी खरोष्ठी आहे, इतरत्र ब्राह्मी. आपल्या महाराष्ट्रात नालासोपाऱ्याजवळ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. अफगाणिस्तानात कंदाहार येथे १९५८ साली सापडलेला लेख तर ग्रीक आणि अरामी या दोन भाषांत आहे.

या कंदाहारच्या लेखात आपल्या विषयाची खरी अडचण दिसून येते. 'धम्म' या शब्दासाठी ग्रीक लेखात 'युसेबेइया' हा शब्द योजला आहे. त्याचा अर्थ देवाविषयी आणि वडीलधाऱ्यांविषयी भक्तिभाव, पूज्यभाव असा होतो. अरामी लेखात 'सत्य' या अर्थाचा शब्द आहे. म्हणजे एकाच शब्दाची दोन भाषांतरे झाली आणि ती दोन वेगळ्या दिशांना गेली. ग्रीक वाचकाला भक्ती दिसली असेल, अरामी वाचकाला सत्य. धम्मात या दोन्हींहून काही अधिक होते. ते दोन्हीकडे थोडेथोडे सांडले.

चीनमध्येही असेच घडले. सुरुवातीच्या अनुवादकांनी निब्बाणासाठी तेथील ताओ पंथाचा 'वूवेई', म्हणजे 'अ-कर्म', हा ओळखीचा शब्द वापरला. लोकांना तो लगेच कळला, पण त्यांना कळले ते आपलेच जुने. पुढे कुमारजीव यांच्यासारख्या अनुवादकांनी कष्टाने नवे शब्द घडविले. ह्युएनत्संग यांच्या नावावर तर असा नियम सांगितला जातो की काही शब्दांचे भाषांतर करू नये, ध्वनी तसाच ठेवावा. 'प्रज्ञा' हा त्यांपैकी एक. कारण 'शहाणपण' असे भाषांतर केले की शब्द हलका होतो.

३. मराठी वाचकाची विशेष अडचण

चिनी अनुवादकाला शब्द परका होता म्हणून अडचण आली. आपली अडचण उलट आहे. आपल्याला शब्द ओळखीचा आहे म्हणून अडचण येते. पाली आणि मराठी यांचे नाते जवळचे आहे. पाली शब्दाचे संस्कृत रूप मराठीत सर्रास चालते. त्यामुळे वाचताना आपण थांबत नाही, 'हे मला ठाऊक आहे' असे म्हणून पुढे जातो. विद्यार्थ्यांनी खालील शब्द नीट पाहावेत.

वेदना : मराठीत वेदना म्हणजे कळ, यातना. पंचस्कंधांतील 'वेदना' म्हणजे कोणतेही संवेदन: सुखद, दुःखद, आणि सुखदही नाही, दुःखदही नाही असे तिसरे. आवडीचे गाणे ऐकून जे वाटते तीही वेदनाच.

विज्ञान : मराठीत विज्ञान म्हणजे सायन्स. 'विञ्ञाण' म्हणजे जाणीव. डोळा, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन यांच्या द्वारे होणारे भान.

संस्कार : मराठीत 'चांगले संस्कार' किंवा विवाहसंस्कार. 'संखार' म्हणजे मनाची घडण, चेतना, कर्मप्रवृत्ती. ती चांगलीही असते, वाईटही असते.

संज्ञा : मराठीत पारिभाषिक शब्द. 'सञ्ञा' म्हणजे ओळख. 'हे निळे', 'हे पिवळे' असे खुणेने ओळखणे.

उपेक्षा : मराठीत हेळसांड, दुर्लक्ष. 'आमच्या वस्तीची उपेक्षा झाली' असे आपण म्हणतो. पालीत 'उपेक्खा' हा चार ब्रह्मविहारांपैकी एक, मनाचा समतोल होय. मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्यानंतर तिचे स्थान आहे. जो हा भेद जाणत नाही तो म्हणेल, 'बुद्ध उपेक्षा करावयास सांगतात, मग करुणा कशाला?'

दुःख : मराठीत कोणी वारले की दुःख होते. पालीतील 'दुक्ख' तीन प्रकारचे आहे: प्रत्यक्ष पीडा, सुख बदलून जाण्यातील दुःख, आणि घडलेल्या सर्व गोष्टींच्या अस्थिरतेतील दुःख. सुखाच्या ताटावर बसलेल्यालाही दुसरे आणि तिसरे लागू आहे. 'सर्व माणसे रडत आहेत' असा याचा अर्थ नव्हे. शिवाय दुक्ख सांगणारा धम्म त्याचे कारण, त्याचा निरोध आणि मार्गही सांगतो. पहिलेच आर्यसत्य ऐकून उठून जाणे म्हणजे वैद्याने रोगाचे नाव सांगताच औषध न घेता घरी जाणे होय.

मान : या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण येथे गैरसमज झाला तर नुकसान मोठे आहे. मराठीत मान म्हणजे सन्मान, प्रतिष्ठा. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मान नाकारला गेला, ज्यांनी तो चवदार तळ्यापासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत झगडून मिळविला, त्यांना जर कोणी सांगितले की 'मान सोडा, मी-पण सोडा, हा बुद्धाचा उपदेश आहे', तर त्यांच्या मनात कोणता विचार येईल? पुन्हा खाली मान घालून चालण्यास सांगितले जात आहे, असेच वाटेल. तसे वाटणे स्वाभाविक आहे.

पण पाली 'मान' काय आहे? तो तीन प्रकारचा सांगितला आहे: 'मी इतरांहून श्रेष्ठ आहे', 'मी इतरांच्या बरोबरीचा आहे' आणि 'मी इतरांहून हीन आहे'. हे तीनही मानच. म्हणजे माप घेऊन माणसामाणसांना उतरंडीत लावणे, या मनाच्या खोडीचे नाव मान. स्वतःला हीन समजणे हासुद्धा मान आहे आणि तोही सोडावयाचा आहे. या अर्थाने पाहिले तर जातिव्यवस्था म्हणजे समाजाच्या पातळीवर गोठलेला मान होय: वरच्याचा श्रेष्ठमान आणि खालच्यावर लादलेला हीनमान. तो सोडावयास सांगणारा धम्म स्वाभिमानाच्या विरुद्ध कसा असेल? तो स्वाभिमानाच्या वाटेतील धोंडा काढतो. एका शब्दाचा मराठी अर्थ घेतला तर धम्म शत्रू वाटतो. पाली अर्थ घेतला तर तोच मुक्तिदाता ठरतो. शब्दाची चिकित्सा करणे हे पंडितांचे रिकामपणाचे काम नव्हे, हे यावरून कळेल.

परमपूज्य बाबासाहेबांना ही अडचण पूर्ण ठाऊक होती. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात त्यांनी 'रिलिजन' आणि 'धम्म' यांतील फरक सांगितला आहे. त्याच खंडाचा दुसरा भाग, शब्दांचे साम्य मूलभूत भेद कसा झाकून टाकते, याच विषयाला वाहिला आहे. पुनर्जन्म, कर्म, अहिंसा हे शब्द ब्राह्मणी परंपरेतही आहेत आणि बुद्धाच्या उपदेशातही आहेत, पण शब्द एक म्हणून सिद्धांत एक नव्हे, असे ते तेथे दाखवितात. तथागतांच्या हयातीतच त्यांच्या उपदेशाचा विपर्यास झाल्याची उदाहरणेही ते सुत्तांतून देतात. त्यांपैकी अलगद्दूपम सुत्तात अरिट्ठ भिक्खू आणि महातण्हासंखय सुत्तात साति भिक्खू हे बुद्धाचेच शब्द वापरून बुद्धाच्या विरुद्ध अर्थ सांगत होते. समोर गुरू असतानाही असे होते, तर आपण किती सावध राहावे!

४. व्याकरणात दडलेला 'मी'

शब्दांप्रमाणेच वाक्याची रचनाही विचाराला वळण देते. संध्याकाळी वीज बंद पडली की आपण म्हणतो, 'लाईट गेली'. लहान मूल विचारते, 'कुठे गेली?' आपण हसतो. पण हाच प्रश्न मोठमोठ्या लोकांनी गंभीरपणे विचारला आहे. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारले की, विमुक्त झालेला पुरुष मृत्यूनंतर कोठे उत्पन्न होतो? भगवंतांनी त्यालाच विचारले: तुझ्यासमोरची आग विझली तर ती पूर्वेला गेली, की पश्चिमेला, की उत्तरेला, की दक्षिणेला? वच्छ म्हणाला, हा प्रश्न लागू पडत नाही. गवत आणि लाकूड होते म्हणून आग जळत होती, ते संपले म्हणून ती विझली. 'गेली' हे क्रियापद आले की जाणारा कोणीतरी हवा आणि जाण्याचे ठिकाण हवे, असे भाषा मागते. वस्तुस्थिती ते मागत नाही. अनेक प्रश्नांना उत्तर मिळत नाही, कारण ते प्रश्नच व्याकरणातून जन्मलेले असतात.

'माझे शरीर', 'माझे मन', 'माझा विचार' असे म्हणताच या सर्वांचा कोणी एक मालक मागे बसला आहे असे वाटू लागते. वजिरा भिक्खुणीने माराला दिलेले उत्तर संयुत्त निकायात आहे: भाग एकत्र आले की 'रथ' हा शब्द होतो, तसे स्कंध असले की 'प्राणी' असा व्यवहार होतो. हाच दृष्टान्त पुढे भदन्त नागसेनांनी राजा मिलिंदाला दिला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. आणि यांच्याशिवाय वेगळाही रथ नाही.

येथे मराठी भाषेचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांना उपयोगी पडेल. मराठीत 'मी रागावलो' असेही म्हणता येते आणि 'मला राग आला' असेही म्हणता येते. दुसऱ्या वाक्यात राग हा कर्ता आहे; तो आला, तसा तो जाईल. 'मला आठवले', 'मला वाटले', 'मला भूक लागली' ही सर्व वाक्ये अशीच आहेत. मनात गोष्टी कारणांनी उत्पन्न होतात आणि लय पावतात, हे पाहण्याची सोय आपल्या बोलीत आधीच आहे. तिचा उपयोग ध्यानाच्या वेळी करावा. मात्र 'राग आला, मी काय करू?' अशी सबब सांगण्यासाठी तिचा उपयोग करू नये. राग आला हे खरे. हात उगारला तो मात्र आपणच, कारण चेतना हेच कर्म होय.

मग 'मी', 'तू', 'माझे' हे शब्द टाकून द्यावेत काय? नाही. पोट्ठपाद सुत्तात भगवंत सांगतात की, दुधापासून दही, दह्यापासून लोणी, लोण्यापासून तूप होते आणि त्या त्या अवस्थेला ते ते नाव पडते. ही लोकव्यवहारातील नावे आहेत. तथागत ती वापरतात, पण त्यांत अडकत नाहीत. वापरणे आणि अडकणे यांतील फरक हाच भाषेविषयीचा बौद्ध विचार.

५. नावांचे सामर्थ्य आणि नावांची मर्यादा

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्त हे कलह कसा टाळावा याविषयी आहे. त्यात भगवंत एका साध्या भांड्याचे उदाहरण देतात. त्याच भांड्याला एका प्रदेशात 'पाती' म्हणतात, दुसऱ्यात 'पत्त', आणखी कोठे 'सराव', कोठे 'पोण', कोठे 'पिसील'. 'हेच नाव खरे, बाकी खोटे' असा हट्ट धरला की भांडण सुरू होते. जेथे जे म्हणतात ते म्हणावे, हट्ट धरू नये. आपल्याकडे तांब्या, लोटा, गडवा यांत असाच फरक आहे; पाणी मात्र तेच.

परंतु सर्वच नावे तांब्या-लोट्यासारखी निरुपद्रवी नसतात. काही नावे माणसाला खाली ढकलण्यासाठीच घडविलेली असतात. गावातील म्हाताऱ्या महाराला सवर्णाचे पोर 'अरे-तुरे' करी, आणि त्याचे नाव धोंडिबा असले तरी हाक 'धोंड्या' अशी येई. म्हाताऱ्याने मात्र 'जोहार मायबाप' म्हणावयाचे. ही केवळ बोलण्याची पद्धत नव्हती. दिवसातून दहा वेळा उच्चारलेला तो हीनमानाचा धडा होता. म्हणूनच कामठीचे बाबू हरदास यांच्या प्रयत्नाने रूढ झाल्याचे मानले जाणारे 'जयभीम' हे अभिवादन क्रांतिकारक ठरले. जोहारात वाकणे आहे. जयभीममध्ये दोघेही सारख्याच उंचीवर उभे असतात.

बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांची नावे क्रमाने वाचावीत: १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. मुक्याला वाचा मिळाली, बहिष्कृताला आपली स्थिती कळली, तो जनतेचा भाग झाला आणि अखेर प्रबुद्ध झाला. 'हरिजन' या नावाला बाबासाहेबांनी विरोध केला आणि १९३८ साली मुंबई कायदेमंडळात त्या शब्दावरून सभात्याग केला, तोही याच कारणाने. नाव दुसऱ्याने द्यावयाचे की स्वतः घ्यावयाचे, हा तेथे प्रश्न होता. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्यामागे हीच जाणीव आहे.

तरीही नावाची मर्यादा ओळखावी. पाटी बदलली आणि गटार तशीच राहिली, तर काय साधले? स्वतःला 'बौद्ध' म्हणविले आणि मुलामुलींचे लग्न जमविताना पोटजात विचारली, तर शब्द नवा आणि मन जुनेच राहिले. नाव हे पहिले पाऊल आहे, मुक्काम नव्हे.

६. संवाद कोठे थांबतो

उदान ग्रंथात जन्मांधांची आणि हत्तीची कथा आहे. ज्याच्या हाती कान आला तो म्हणाला, हत्ती सुपासारखा आहे. शेपटी हाती आलेला म्हणाला, मुसळासारखा. शेपटीचा गोंडा हाती आलेला म्हणाला, केरसुणीसारखा. पाय चाचपणारा म्हणाला, खांबासारखा. मग ते एकमेकांना गुद्दे मारू लागले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यातील एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. प्रत्येकाने उपमा दिली ती आपल्या घरातील वस्तूची. न पाहिलेले सांगावयाचे तर पाहिलेल्याच्याच भाषेत सांगावे लागते. बोलणारा हत्ती सांगतो, ऐकणारा सूप ऐकतो.

म्हणून धम्माचे एक लक्षण आपण वंदनेत नेहमी उच्चारतो: तो 'पच्चत्तं' आहे, म्हणजे ज्याचा त्याने स्वतः जाणावयाचा आहे. मिठाची चव शब्दाने सांगता येत नाही, चाखावी लागते. शब्द तेथवर वाट दाखवितात, पण चालावे आपल्यालाच लागते. याच कारणाने भगवंतांनी प्रश्नांचे चार प्रकार केले: सरळ उत्तर द्यावयाचे, विभाग करून उत्तर द्यावयाचे, उलट प्रश्न विचारून उत्तर द्यावयाचे आणि बाजूला ठेवावयाचे. प्रत्येक प्रश्नाला 'होय की नाही' एवढेच बोला, असा आग्रह धरणाऱ्याने हा उपदेश लक्षात घ्यावा.

संवादाला मर्यादा आहे म्हणून संवादच सोडावा, असे मात्र नाही. बुद्धत्वप्राप्तीनंतर हा गंभीर धम्म लोकांना कळेल काय, अशी शंका स्वतः भगवंतांच्या मनात आली होती, असे अरियपरियेसन सुत्त सांगते. तरीही ते उठले, सारनाथपर्यंत चालत गेले आणि पुढे पंचेचाळीस वर्षे बोलत राहिले. मर्यादा जाणूनही करुणेने बोलत राहणे, हाच त्यांचा आदर्श.

७. आपण काय करावे

सम्यक वाचा म्हणजे केवळ खोटे न बोलणे नव्हे. अभयराजकुमार सुत्तानुसार तथागत जे खरे आणि हिताचे असेल तेच बोलतात. ते ऐकणाऱ्याला गोड लागो वा न लागो, योग्य वेळ पाहून बोलतात. मुलाच्या घशात खडा अडकला तर बाप तो काढतोच, रक्त आले तरी. कारण मुलाविषयी त्याच्या मनात करुणा असते. या कसोटीवर संस्थेच्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात.

(१) वंदनेतील गाथांचा मराठी अर्थ प्रत्येक कुटुंबाने शिकून घ्यावा. न कळता म्हटलेली गाथा आणि न कळता ऐकलेला मंत्र यांत फरक उरत नाही.

(२) धम्मग्रंथ वाचताना ओळखीच्या शब्दापाशी थांबावे आणि 'येथे याचा अर्थ काय?' असे विचारावे.

(३) वाद सुरू झाला की आधी पाहावे: भांडण वस्तूविषयी आहे की भांड्याच्या नावाविषयी?

(४) इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाने आजीच्या बोलीला हसू नये आणि आजीनेही नातवाचे प्रश्न उर्मट समजू नयेत. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत आणि नातवाच्या प्रश्नांत कालामांना दिलेला चिकित्सेचा उपदेश आहे.

(५) समोरच्याने आपले म्हणणे त्याच्या शब्दांत परत सांगितले आणि ते आपल्याला पटले, तरच 'कळले' असे समजावे.

साप शेपटीकडून धरला तर तो उलटून चावतो, असे अलगद्दूपम सुत्त सांगते. शब्दही तसाच धरता येतो. त्याच सुत्तात तराफ्याचा दृष्टान्त आहे: नदी ओलांडण्यासाठी तराफा हवा, पण पैलतीरी गेल्यावर तो डोक्यावर घेऊन हिंडू नये. अजून आपण पाण्यात आहोत. तेव्हा शब्दांचा तराफा नीट बांधू या, त्याच्या गाठी तपासू या आणि एकमेकांचा हात धरून वल्हवू या.

भवतु सब्ब मंगलं!

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'वेदना', 'विज्ञान' व 'उपेक्षा' या शब्दांचे मराठी व पाली अर्थ उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. मानाचे तीन प्रकार कोणते? स्वतःला हीन समजणे हाही मान का ठरतो?
३. 'आग विझली, ती कोठे गेली?' हा प्रश्न का लागू पडत नाही?
४. आपल्या वस्तीत अलीकडे झालेल्या एखाद्या वादाचा विचार करा. तो वस्तूविषयी होता की नावाविषयी? गटात चर्चा करा.